डाग जागा, खिडकीत जागा

प्रिय आत्या,

"बरी झालेली जखम इतक्या वर्षांनी का उलटावी गं?" टाके काढून झाल्यावर, विश्रांतीला गावी आईबाबांकडे निघताना, बसच्या पायरीवर एक पाय ठेवून तू मला हे विचारलंस आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन बसलीस. बस सुटली. मी वेड्यासारखी हात हलवत राहिले आणि प्रश्न माझ्यापाशी राहिला. घरातली पहिली पदवीधर म्हणून तू माझं कौतुक साऱ्या जगाला ऐकवतेस, आणि मी रसायनशास्त्र शिकून, हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रोज माणसांच्या शरीरातले इवलेसे तुकडे रंगवून काचेवर चिकटवून, तुझ्या एका साध्या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही. मला ते येत नाही. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

पत्र कशाला, फोन मोडला का, असं तू म्हणणार. फोन मोडलेला नाही. पण तू तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतेस आणि घरभर हिंडतेस. मग माझं बोलणं आधी आईला कळतं, मग बाबांना, मग भिंतीपलीकडच्या काकूंना, आणि सगळ्यांत शेवटी तुला. यातलं काही आधी फक्त तुलाच कळायला हवं. म्हणून दार लावून वाच. हात उशीवर ठेवून वाच, लोंबकळत ठेवू नकोस. सूज उतरायला अजून वेळ आहे.

तुझा प्रश्न मी आमच्या डॉक्टरबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, खोल भाजलेल्या जागी जे कातडं येतं ते पातळ असतं, त्याला रक्त कमी पोचतं, ते जरा ताणलं की फाटतं आणि शरीर ते पुन्हा सांधतं. फाटणं आणि सांधणं, वर्षानुवर्षं. त्यात कधीतरी सांधणाऱ्या पेशींचा हिशेब चुकतो आणि त्या थांबायचं विसरतात. पण बहुतेकांचे डाग जन्मभर गप्प पडून राहतात. मग तुझाच का उलटला? त्यावर त्यांनी सरळ सांगितलं, "ते मलाही माहीत नाही." मला त्या त्यासाठी फार आवडतात.

मग मी त्यांना तू दाखवलेला तो चंबू सांगितला. आठवतो? मी सातवी-आठवीत असेन. सुट्टीत मी तुझ्याबरोबर, प्रयोगशाळेची काचभांडी बनवणाऱ्या तुझ्या कारखान्यात आले होते. फळीवर एक गोल चंबू ठेवला होता, दिसायला अगदी निर्दोष. त्याच्या आसपास कोणी नव्हतं, वारा नव्हता, आणि भर दुपारी तो आपोआप टचकन तडकला. मी घाबरून तुला चिकटले. तू म्हणालीस, घाईत निववलाय कोणीतरी. काच ज्योतीतून काढली की तिला भट्टीत हळूहळू निववावं लागतं, नाहीतर ती वरून गार होते आणि आतला ताण आतच राहतो. तो ताण कधी बाहेर येईल याचा नेम नाही. आज, उद्या, किंवा लग्नात आहेर म्हणून दिल्यावर. डॉक्टरबाई हे ऐकून हसल्या आणि म्हणाल्या, उपमा सुंदर आहे, पण शरीर इतकं सोपं नसतं. म्हणजे प्रश्न पुन्हा माझ्याकडेच आला. तरी तो चंबू माझ्या डोक्यातून जात नाही.

आत्या, तुला काम करताना पाहिलेलं मी कोणाला सांगायला लागले की थांबत नाही. माझ्या खोलीतल्या दोघी आता मला आवर घालतात. तो जांभळट काचांचा चष्मा, दातात धरलेली रबरी नळी, दोन्ही हातांत फिरणारी काचेची कांडी, आणि ज्योतीकडे तुझं असं बघणं, जणू ती काही सांगतेय आणि तुला एकही शब्द चुकवायचा नाही. "फिरवत राहायचं. थांबली की लोंबली." हे तू मला काचेबद्दल सांगितलंस आणि मी ते अभ्यासाबद्दल ऐकलं. कॉलेजात पहिल्यांदा प्रयोगाच्या टेबलाशी उभी राहिले, तेव्हा बाकीच्या मुली चंबूत काय उकळतंय ते बघत होत्या आणि मी चंबूच्या मानेवरचा सांधा बघत होते. हा आत्याचा असेल का? सांधा दिसत नव्हता. म्हणून मी ठरवलं, तुझाच.

आणि तो डाग. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्या आत्यांना डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत असा चकचकीत, सुरकुतलेला पट्टा असतो. त्याची गोष्ट तू कधी धड सांगितली नाहीस. ती मला तुमच्या कारखान्यातल्या सगळ्यांत जुन्या कारागिराने, वस्तादांनी सांगितली. तू कारखान्यात पॅकिंगला होतीस. ज्योतीवर बसायचं म्हणालीस तेव्हा सगळे हसले होते. बाईच्या कातडीला आग सोसत नाही, हे तिथलं ठरलेलं वाक्य. वस्ताद स्वतःही तेच म्हणायचे, हे त्यांनीच मला सांगितलं. तरी तू हट्टाने बसलीस. पहिल्याच वर्षी वस्तादांनी बनवलेलं एक मोठं उपकरण, नळीच्या आत नागमोडी नळी असलेलं, नुकतं ज्योतीतून निघालेलं, टेबलावरून घरंगळलं. गरम काच आणि गार काच दिसायला सारखीच, पण ते गरम आहे हे तुला ठाऊक होतं. उजव्या हातात तुझी स्वतःची कांडी फिरत होती. तू डावा हात आडवा टाकलास आणि ते कडेशी दाबून धरलंस, कोणी चिमटा घेऊन येईपर्यंत. उपकरण वाचलं. उजव्या हातातली कांडीसुद्धा लोंबली नाही, असं वस्ताद शपथेवर सांगतात. मला ते जरा फुगवलेलं वाटतं, पण मी कधी हटकत नाही. त्या दिवसापासून ते वाक्य कारखान्यात कोणी तुझ्यासमोर उच्चारलं नाही.

माझ्या पदवीदानाचा फोटो भिंतीवर लावला तेव्हा तू त्याच्याशेजारी आपला हात भिंतीला टेकवून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "माझी पदवी जुनी आहे बरं का, आणि ती पुसता येत नाही." सगळे हसले. मी हसले नाही, मला ते खरंच वाटलं.

म्हणूनच त्या पदवीवर काहीतरी उगवलंय हे मला फार उशिरा दिसलं. आधी नुसती भेग होती म्हणे. मग खपली, मग खपलीखाली ओल, मग कडा जाड झाल्या. तू लांब बाह्या घालायला लागलीस आणि मला वाटलं, वय झालं, थंडी वाजत असेल. त्या रविवारी तुझी बाही हाताला चिकटली आणि सोडवताना तू ओठ दाबलेस, तेव्हा मी बाही वर केली. मी काही डॉक्टर नाही. पण जुन्या भाजल्याच्या व्रणावर न भरणारी जखम आली तर ती कधीकधी त्वचेचा कॅन्सर असू शकते, हे आमच्या प्रयोगशाळेत मी ऐकलं होतं, आणि तसे तुकडे रंगवलेही होते. तू मात्र अगदी निवांत होतीस. "अगं, काही नाही, डाग जागा झालाय," म्हणालीस.

मला आधी समजलंच नाही. मग तूच अभिमानाने सांगितलंस की कारखान्यात सगळे असंच म्हणतात. जुना चटका कधी पुन्हा उघडला की म्हणायचं, आगीला तुझी आठवण आली, डाग जागा झाला. मग त्या माणसाला मोठ्या ज्योतीचं काम द्यायचं नाही, खिडकीजवळच्या वाऱ्याच्या जागेवर बसवायचं, आणि चहाचा पहिला कप त्याचा. डाग जागा, खिडकीत जागा. किती सुंदर बोलतात तुझी माणसं. आठ-पंधरा दिवस तिथे बसलं की बहुतेक चटके खरंच भरून येतात. आपोआप भरणारे सगळे भरतात, म्हणून न भरणाऱ्याचा कोणाला संशय येत नाही. तू सहा महिन्यांहून जास्त काळ त्या खिडकीत बसली होतीस आणि रोज पहिला कप पीत होतीस. तो तुझा मान होता, आणि कोणाला कळत नव्हतं की आपण तिला मान देतोय तेवढा वेळ ती जखम आत जातेय.

तुला तपासणीला तयार करणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. सुरी लावली की चिडतं, पसरतं, हे तुझं एकच पालुपद. मी समजावून, विनवून, रागावून पाहिलं. शेवटी तूच म्हणालीस, आधी तुझी ती प्रयोगशाळा दाखव. मला वाटलं तू यंत्रं बघशील. तू माझ्या टेबलावरची एक कोरी काचपट्टी उचललीस, उजेडात आडवी धरलीस, कडेवरून अंगठा फिरवलास, आणि डॉक्टरबाईंना म्हणालीस, "काच चांगली घेता. मग माणसंही नीट बघत असाल." आणि हात पुढे केलास. डॉक्टरबाई ती गोष्ट अजून सगळ्यांना सांगतात. तुझा तुकडा मी रंगवला नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर दिला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

उत्तर काय आलं ते तुला माहीत आहे, ते पुन्हा लिहीत नाही. काखेतल्या गाठींपर्यंत काही पोचलं नव्हतं, एवढंच मी रोज मनात घोकते. ऑपरेशनच्या आधी तू सर्जनना विचारलंस की सगळा डाग काढणार का, थोडा ठेवता येईल का. त्यांना वाटलं तू घाबरलीयस. मला ठाऊक होतं तू काय मागत होतीस. आणि शुद्धीवर आल्यावर, मांडीचं कातडं हातावर लावलंय हे ऐकून तू म्हणालीस, "म्हणजे आता या हाताला नुसतं बसून राहायची सवय लागणार." नर्स इतकी हसली की तिला सलाईन पुन्हा नीट लावावं लागलं. मी त्या रात्री कॉरिडॉरमध्ये पहिल्यांदा रडले आणि आत येऊन तुझ्याशी पत्ते खेळले. तू मला हरवलंस.

सर्जनांचं म्हणणं आहे की बोटं आखडू नयेत म्हणून व्यायाम करायलाच हवा. रोज कर. बाबांना समोर बसवून कर, नाहीतर तू 'केला' म्हणशील. दर काही महिन्यांनी दाखवायला यावं लागेल. ज्योतीवर परत बसता येईल का, हे ते आत्ता सांगत नाहीत. नाही असंही म्हणाले नाहीत, हे मी नीट ऐकून घेतलंय.

आता तू मला घातलेली अट. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू माझा हात धरून शब्द घेतलास की कारखान्यात ब्र काढायचा नाही. न्हाणीघरात पाय घसरला, मनगट मोडलं, एवढंच सांगायचं. मी विचारलं, का म्हणून? तू म्हणालीस, "त्या दोन पोरी आत्ता कुठे ज्योतीवर बसल्यात. माझा डाग सडला हे कळलं की म्हणतील, बघा, बाईच्या कातडीला आग सोसत नाहीच. आणि त्यांना उठवतील." तुझ्या आजारपणात तू स्वतःसाठी घाबरलेली मी एकदाही पाहिली नाही. त्या दोघींसाठी घाबरलेली तेवढी पाहिली. मी शब्द दिला. तुझ्याइतकं मोठं मन माझं कधी होईल की नाही, मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी मी ठरवलं की निदान प्रयत्न करायचा.

तू गेल्यानंतर तुझा रजेचा अर्ज द्यायला मी कारखान्यात गेले. सगळ्यांनी तुझ्या मनगटाची चौकशी केली. पॅकिंगवाल्या घंटीकाकांनी, जे चहाची घंटा वाजवतात आणि घंटेसारखेच वाजत असतात, न्हाणीघरात पाय कसे टाकावेत यावर मला व्याख्यान दिलं. त्या दोघी मुली तुझ्या टेबलावर आलटून पालटून बसतात. धाकटी अजून घाई करते, थोरली फिरवत राहते. आणि तुझ्या खिडकीच्या जागेवर वस्ताद बसले होते. पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात पहिला कप. नडगीवरचा त्यांचा जुना डाग जागा झाला होता. मला हसून म्हणाले, आत्याला सांग, तिची जागा ऊबदार ठेवतोय. मी वाकून पाहिलं. कडा जाड होत्या. गेल्या हिवाळ्यापासून आहे म्हणाले, अगदी तुझ्यासारखं, निवांत. मी अर्ज टेबलावर ठेवला आणि खोलीवर परत आले.

आणि हे पत्र लिहायला बसले ते त्यासाठीच, आत्या. मी काही दिवस स्वतःशी भांडले. तुला दिलेला शब्द एका बाजूला, त्या दोन मुली त्याच बाजूला, आणि समोर वस्तादांचा पाय. त्यांना एकट्याला बाजूला घेऊन तुझं नाव न काढता सांगता आलं असतं. पण ते म्हणाले असते, तुझी आत्या बसलीच होती की खिडकीत, तिचं भरलं. तुझं खोटं मनगट त्यांना मारायला पुरेसं होतं. आणि उद्या पुढचा कोणी त्याच जागेवर बसला असता. म्हणून परवा चहाच्या सुट्टीत मी गेले आणि सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. मनगट मोडलेलं नाही, डाग होता, तो जागा झाला नव्हता, तो कॅन्सर होता, तो काढला आहे आणि आत्या बरी होतेय. कोणी कप उचलला नाही. मग घंटीकाकांनी तोंड उघडलंच, "तरी मी म्हणत होतो, बाईच्या कातडीला..." आणि वस्तादांनी खिडकीतून पाय पुढे केला, पँट वर ओढली आणि शांतपणे विचारलं, "आणि ही कोणाच्या कातडीला आलीय? माझ्या बायकोच्या?" कोणी हसलं नाही, आणि मग एकदम सगळेच हसले, घंटीकाकासुद्धा. थोरली मुलगी चहाला उठलीच नव्हती, तिची कांडी अर्धी होती. या सगळ्यात तिने ती एकदाही लोंबू दिली नाही. तिला कोणी उठवलेलं नाही, धाकटीलाही नाही. काल वस्ताद माझ्याबरोबर हॉस्पिटलात आले, आणखी दोघांना घेऊन. त्यांतल्या एकाचं नुसतं चिलट चावलेलं निघालं आणि तो आता तोंड लपवत फिरतोय. वस्तादांच्या पायाचा तुकडा काढलाय. उत्तर यायचं आहे, काय येईल मला माहीत नाही. निघताना ते म्हणाले, इथून पुढे खिडकीत बसायचं तर आधी डॉक्टरची चिठ्ठी, आणि ती जागा तुझी आहे, आपण नुसती धरून ठेवलीय, तू त्यांचं ते उपकरण धरून ठेवलं होतंस तशी. मी तुझा शब्द मोडलाय, तुला न विचारता, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन. रागवायचं असेल तर फोन कर. स्पीकरवर टाकलास तरी आता चालेल.

तुझीच,
तू जिला बारीक म्हणून चिडवतेस ती नळी